चोर घरात शिरतो, पाहुणा घरी येतो
(प्रस्तावना)

विक्रोळी स्टेशनच्या पूर्वेला मी एकदा चांगली पाऊण तास ताटकळले होते. मैत्रीण फोनवर सांगत होती, "अगं, मी कधीची स्टेशनला येऊन थांबलेय." मीही तिला तेच सांगत होते, "मीपण स्टेशनलाच आहे, तू कुठेयस?" ती फलाटावरच्या बाकड्यावर बसली होती आणि मी बाहेर, रिक्षांच्या रांगेपाशी उभी होते. दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. 'फलाटावर' किंवा 'स्टेशनबाहेर' असा एखादा शब्द कुणाच्या तोंडून निघाला असता, तर आमच्या तीन लोकल चुकल्या नसत्या. 'स्टेशनला' म्हटल्याबरोबर स्टेशनचा एक ठिपका झाला, आणि त्या ठिपक्यावर आम्ही दोघीही होतो.

इंग्रजीतल्या 'ॲट' आणि 'इन' या दोन चिमुकल्या शब्दांतला फरक हाच आहे, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. तोवर कित्येक वर्षं मी तो फरक शिकवत होते, पण उलट्या टोकाकडून. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात बहुतेक मंडळी मराठी माध्यमातून शिकलेली आणि दिवसा नोकरी करणारी. त्यांना मी जुन्या शालेय व्याकरणातला नियम सांगायचे: देश किंवा मोठं शहर असेल तर 'इन', लहान गाव किंवा ठिकाण असेल तर 'ॲट'. म्हणून 'तो मुंबईत विक्रोळीला राहतो' या वाक्यात मुंबईआधी 'इन' आणि विक्रोळीआधी 'ॲट'. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, विक्रोळी लहान आहे हे कुणी ठरवलं?" वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली. या पुस्तकाची सुरुवात त्या प्रश्नात आहे.

नियमात खोट होतीच. लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान वाटेत मुंबईला उतरलं, तर इंग्रज तिथे 'ॲट' वापरतो. एवढी अफाट मुंबई, पण वैमानिकाच्या लेखी प्रवासातला एक थांबा. उलट, कन्नमवार नगरात जन्मलेला माणूस विक्रोळीबद्दल बोलताना सहज 'इन' म्हणतो, कारण तिच्या गल्ल्या, चाळी, मैदानं आणि पाणी साचणारे कोपरे त्याला आतून ठाऊक असतात. तेव्हा प्रश्न आकाराचा नाही, बोलणारा कुठून पाहतो याचा आहे. लांबून किंवा वेळापत्रकातून पाहणाऱ्याला जागा ठिपक्यासारखी दिसते. आत शिरलेल्याला तीच जागा चहूबाजूंनी वेढते. जागा दाखवणाऱ्या शब्दांतून वस्तूचा पत्ता कळतो, आणि बोलणाऱ्याची नजरही कळते. सबंध पुस्तकात मी या एकाच गोष्टीचा माग काढला आहे.

ही नजर आपल्याला इंग्रजीकडून उसनी घ्यावी लागत नाही, कारण ती मराठीत आधीपासून आहे. 'गाडी विक्रोळीला थांबते' असं आपण म्हणतो. 'विक्रोळीत थांबते' असं क्वचितच. 'विक्रोळीत पाणी साचलं' असं म्हणतो. 'विक्रोळीला पाणी साचलं' हे कानाला खटकतं. गाडीला थांबायला ठिपका पुरतो, पाण्याला साचायला मात्र विस्तार लागतो. धीम्या लोकल विक्रोळीला थांबतात आणि जलद गाड्या विक्रोळीवरून निघून जातात, म्हणजे तिसरंच रूप. चौथा शब्द कागदावरचा: 'विक्रोळी येथे कार्यक्रम आयोजित करण्यात आला आहे.' 'मी विक्रोळी येथे राहतो' असं घरात कुणी बोललं तर बाकीचे त्याच्याकडे वळून बघतील. बातमी, निमंत्रणपत्रिका आणि सरकारी परिपत्रक यांतला 'येथे' गावाच्या नावाला हातही लावत नाही. ना सामान्यरूप, ना प्रत्यय. नाव जसंच्या तसं ठेवून त्याच्या बाजूला तो पाटीसारखा उभा राहतो. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात १८६२पासून 'ॲट बॉम्बे' हे शब्द आहेत. न्यायालयाचं आसन मुंबईला, अधिकार मात्र मुंबईच्या कितीतरी बाहेर पसरलेला. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा इथे त्याची खंडपीठं आहेत. न्यायालयाच्या नावात 'इन' चाललं नसतं. हा 'ॲट' मराठीत आणायचा तर आपला 'येथील' तंतोतंत बसतो.

यापेक्षाही जुनी आणि देखणी जोडी म्हणजे 'घरी' आणि 'घरात'. पाहुणा घरी येतो, चोर घरात शिरतो. 'चोर घरी आला' म्हटलं तर त्याला चहा विचारावा लागेल. 'माझ्या घरी ये' हे आमंत्रण आहे. 'माझ्या घरात ये' म्हणणारा बहुधा बाहेर पाऊस पडतोय म्हणून हाक मारत असतो. सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे आपण शाळेत पाठ केले, पण त्यातला 'ई' आज किती थोड्या शब्दांपुरता उरला आहे, याकडे आपलं लक्ष जात नाही. घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी, शेजारी. बँकी, कारखानी, स्टेशनी असं काही होत नाही. जिथे आपलं नातं आहे, जिथे आपण कुणाचे तरी कुणी आहोत, मुख्यतः अशाच जागांपाशी हा 'ई' तग धरून राहिला. इंग्रजीला हेच सांगायला 'होम' आणि 'हाउस' अशी दोन नामं लागतात आणि त्यांना जोडून 'ॲट' आणि 'इन'. मराठी एका घरावर एक मात्रा फिरवून ते काम करते.

या विषयाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, पण ती वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहिली. पाणिनीने अधिकरण म्हणजे क्रियेचा आधार, असं थोडक्यात बांधून दिलं. पुढच्या टीकाकारांनी त्या आधाराचे तीन प्रकार केले. चटईवर बसणं हा औपश्लेषिक, म्हणजे टेकण्याचा आणि स्पर्शाचा आधार. तिळातलं तेल हा अभिव्यापक, म्हणजे अंगभर भिनलेला आधार. मोक्षाची इच्छा हा वैषयिक, म्हणजे केवळ विषय म्हणून असलेला आधार. ही वाटणी मला फार दूरदृष्टीची वाटते. तेल तिळाच्या 'आत' कुठे आहे, असं विचारलं तर बोट दाखवता येत नाही. ते सगळीकडे आहे. खोलीत असलेला माणूस आणि तिळातलं तेल या दोन्ही ठिकाणी आपण 'त' लावतो, पण ते दोन 'त' वेगळे आहेत, हे त्या मंडळींना शेकडो वर्षांपूर्वी दिसलं होतं.

मराठीत हा विचार आधी व्यवहारातून आला. महानुभाव पंथाची 'स्थानपोथी' हा चौदाव्या शतकातला ग्रंथ, मुनी व्यास यांच्या नावावर असलेला. चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला होते, दार कोणत्या दिशेला होतं, याची नोंद त्यात गावोगाव केलेली आहे. भक्ताला तिथवर पोचून त्या जागेला नमस्कार करता यावा, हा तिचा हेतू. पत्ता सांगण्याच्या विद्येचा मराठीतला इतका जुना आणि इतका काटेकोर ग्रंथ असताना, आपण त्याच्याकडे केवळ धर्मग्रंथ किंवा इतिहासाचं साधन म्हणून पाहिलं. भाषेच्या अभ्यासकाला तो जागादर्शक शब्दांचं कोठार वाटावा, असा आहे.

एकोणिसाव्या शतकात व्याकरणाची पुस्तकं आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६चं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चं. या दोन टप्प्यांच्या दरम्यान आणि नंतरही जो वाद रंगला, त्याचं सार एका प्रश्नात सांगता येईल: विभक्ती रूपावरून ठरवायची की अर्थावरून? 'विक्रोळीला राहतो' यातला 'ला' रूपाने द्वितीया-चतुर्थीचा आहे. अर्थ पाहिला तर मात्र तो सरळसरळ अधिकरण दाखवतो. रूप धरलं तर अर्थ निसटतो, अर्थ धरला तर प्रत्ययांचा तक्ता मोडतो. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न: 'वर', 'खाली', 'पुढे', 'जवळ' यांना काय म्हणायचं? व्याकरणकारांनी त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हटलं, आणि स्थलवाचक असा त्यांचा वेगळा वर्ग केला. वर्गीकरण झालं, याद्या झाल्या. 'समोर' आणि 'पुढे' यांत नेमका काय फरक आहे, हे मात्र यादीतून कळत नाही.

एक उदाहरण देते. 'टेबलावर दिवा' म्हटलं की दिवा टेबलाला टेकलेला आहे. 'टेबलाच्या वर दिवा' म्हटलं की तो छताला लटकतो आहे आणि मध्ये हवा आहे. इंग्रजीत यासाठी 'ऑन' आणि 'अबव्ह' हे दोन शब्द आहेत. मराठीत शब्द एकच, पण तो नामाला चिकटवला की वस्तूही चिकटते, आणि मध्ये 'च्या' घातला की वस्तूंमध्येही अंतर पडतं. जून २०२५मध्ये विक्रोळीत लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्व द्रुतगती मार्ग यांना जोडणारा उड्डाणपूल सुरू झाला. तो रुळांवर नाही, नाही तर गाड्या कशा चालतील? तो रुळांवरून जातो. 'वर'ला 'ऊन' जोडला आणि इंग्रजीचा 'ओव्हर' आपल्याकडे आपसूक तयार झाला: वर असणं, ओलांडणं आणि पलीकडे पोचणं, तिन्ही एका शब्दात.

युरोप-अमेरिकेत या शब्दांचा गंभीर अभ्यास गेल्या पन्नासेक वर्षांतला. त्यातल्या मुख्य वाटा थोडक्यात सांगते, कारण पुस्तकात त्या पुन्हा पुन्हा भेटतील. पहिली वाट लेनर्ड टॅल्मी यांची. त्यांच्या मते स्थानाच्या प्रत्येक वाक्यात एक हलती किंवा लहान वस्तू असते आणि दुसरी स्थिर, ओळखीची पार्श्वभूमी. म्हणून 'चहाची टपरी स्टेशनजवळ आहे' हे वाक्य ठीक वाटतं. 'स्टेशन चहाच्या टपरीजवळ आहे' हे ऐकून हसू येतं, जरी अंतर दोन्हीकडून सारखंच असलं. मुंबईचे पत्ते याच तत्त्वावर उभे आहेत. अमक्या शाळेच्या मागे, तमक्या देवळासमोर, ढमक्या डेपोच्या बाजूला. इथे इमारतीच्या क्रमांकापेक्षा शेजारच्या खुणेवर भरवसा जास्त.

दुसरी वाट क्लॉडिया ब्रुगमन आणि जॉर्ज लेकॉफ यांची. ब्रुगमन यांनी १९८१मध्ये एकट्या 'ओव्हर' या शब्दावर प्रबंध लिहिला. एका शब्दाचे अर्थ म्हणजे सुटी चिल्लर नव्हे. एका मूळ चित्रातून फुटलेल्या त्या फांद्या आहेत, असं या मंडळींनी दाखवलं. तिसरी वाट उपयोगाची. क्लोद वांदलवाज, पुढे केनी कॉव्हेंट्री आणि सायमन गॅरड यांचं म्हणणं असं की भूमितीने सगळं सुटत नाही. वस्तू एकमेकींशी काय करतात हेही पाहावं लागतं. याचा पुरावा विक्रोळी स्टेशनात रोज मिळतो. 'फलाटावर गाडी लागली' असं आपण म्हणतो. गाडी खरोखर फलाटावर आली तर केवढा हाहाकार होईल! ती फलाटाशेजारच्या रुळांवर असते. पण फलाटाचं काम माणसं चढवणं-उतरवणं हे आहे आणि गाडी त्या कामाला येऊन भिडली आहे, म्हणून 'वर'.

चौथी वाट मला सगळ्यांत जवळची. नेदरलँड्समधल्या नायमेखेन गावी माक्स प्लांक संस्थेत मेलिसा बावरमन आणि एरिक पेडरसन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ७१ साध्या रेखाचित्रांचा एक संच केला. टेबलावरचा कप, बोटातली अंगठी, वाडग्यातलं सफरचंद, पाकिटावरचं तिकीट अशी ती चित्रं. जगभरच्या भाषकांना एकच प्रश्न: ही वस्तू कुठे आहे? उत्तरं ऐकून एक समजूत कोसळली. 'आत', 'वर', 'खाली' या कल्पना माणूस जन्मतःच घेऊन येतो आणि भाषा त्यांना फक्त नावं देते, असं मानलं जात होतं. प्रत्यक्षात प्रत्येक भाषेने जगाचे तुकडे वेगळ्या ठिकाणी पाडलेले निघाले. सूंजा चोई आणि बावरमन यांनी १९९१मध्ये दाखवलं की कोरियन मुलं लहानपणीच 'घट्ट बसलेलं' आणि 'सैल ठेवलेलं' असा भेद करायला शिकतात. इंग्रजी मुलांना 'ऑन' आणि 'इन' हे जितकं स्वाभाविक, तितकाच कोरियन मुलांना हा भेद.

तशीच चित्रं मी वर्गात काढली आणि पहिल्याच दिवशी हरले. अंगठीला इंग्रजीत 'ऑन' लागतं. आपल्या तोंडून निघतं 'बोटात'. गळ्यात हार, कानात डूल, नाकात नथ, पायात चप्पल. मुळात पाय चपलेत असतो, चप्पल पायात नाही! पण मराठीचा कल पकडण्याकडे, वेढण्याकडे आहे. जे शरीराला धरून बसतं त्याला 'त'. म्हणून सदरा अंगात, शाल अंगावर आणि पट्टा कमरेला. घातलेलं, पांघरलेलं आणि बांधलेलं असे तीन भेद आपण तीन रूपांनी करतो, तेही शिंप्याइतक्या सफाईने. झाडाचंही तसंच. पक्षी झाडावर बसतो, आंबा झाडाला लागतो. 'झाडाला पक्षी' कुणी म्हणत नाही, कारण पक्षी उडून जाणार आहे आणि आंब्याचं देठाशी नातं आहे. इंग्रजीत पक्ष्याला 'इन' लागतं, आंब्याला 'ऑन'. वर्गातले विद्यार्थी चप्पल 'इन' आणि पाय 'लेग' असं लिहितात तेव्हा मी ते आता चूक म्हणून लाल शाईने खोडत नाही. आधी विचारते, मराठीत आपण असं का म्हणतो? उत्तर सापडलं की इंग्रजीचा 'ऑन' आपोआप लक्षात राहतो.

नायमेखेनच्याच स्टीफन लेव्हिन्सन यांनी दिशांचा प्रश्न घेतला. ऑस्ट्रेलियातली गुगु यिमिथिर भाषा बोलणारे लोक टेबलावरचा पेला 'डावीकडे' आहे असं न म्हणता 'उत्तरेला' आहे म्हणतात. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषकांना चढ आणि उतार याच दिशा. आपल्याकडे पिएर दासेन आणि आर. सी. मिश्र यांनी वाराणसी आणि नेपाळमधल्या मुलांवर काम केलं. तिथली कितीतरी मुलं डाव्या-उजव्याऐवजी पूर्व-पश्चिम धरून जागा लक्षात ठेवतात, असं त्यांना दिसलं. हे वाचताना मला विक्रोळीच आठवत होती. पार्क साइटच्या टेकडीवरच्या वस्तीत 'वर राहतो' आणि 'खाली उतरतो' हा पुरेसा पत्ता असतो. आणि सगळ्या मुंबईची पूर्व-पश्चिम तर सूर्याने ठरवलेलीच नाही. ती रुळांनी ठरवली आहे. रूळ तिरके वळले तरी पूर्व त्यांच्याबरोबर वळते. 'पूर्वेला राहता की पश्चिमेला?' हा प्रश्न ऐकून मुंबईकर आकाशाकडे पाहत नाही, मनातल्या मनात पुलाच्या जिन्याकडे पाहतो.

हे सगळं शब्दांचे कीस काढणं आहे, असं वाटणाऱ्यांसाठी विक्रोळीचीच एक गोष्ट. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या इथल्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर काही लिहायचं किंवा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने कोरी पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. म्हणजे मत कुणाला, हे पत्रिका कोणत्या पेटीत आहे यावरून ठरत होतं. पुढे १९६२च्या निवडणुकीपर्यंत शिक्क्याची पद्धत रूढ झाली आणि पेटी सगळ्यांची एक झाली. आता मत कुणाला, हे पत्रिकेवर काय आहे यावरून ठरू लागलं. 'त'पासून 'वर'पर्यंतच्या या प्रवासात मतदानाची सगळी कार्यपद्धती बदलली.

आज या विषयाची निकड वाढली आहे, ती तीन कारणांनी. पहिलं, सेमी इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमांमुळे मुलं दोन भाषांतल्या जागांमध्ये रोज ये-जा करतात, आणि त्यांना मिळतात फक्त याद्या: या शब्दापुढे हे, त्या शब्दापुढे ते. पाठ केलेली यादी परीक्षेच्या तासापुरती टिकते. दुसरं, भाषांतर आणि रस्ता दाखवणं ही कामं आता यंत्रं करतात. 'टेबलावर' आणि 'टेबलाच्या वर' यांतला भेद आपणच कुठे नीट लिहून ठेवला नाही, तर यंत्राला तो कोण शिकवणार? तिसरं, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आपण प्राचीनतेचे पुरावे गोळा केले आणि ते योग्यच केलं. पण भाषेचं वैभव ताम्रपटात असतं तितकंच ते 'घरी' आणि 'घरात' यांमधल्या एका मात्रेतही असतं, आणि ही दुसरी संपत्ती नोंद केली नाही तर मुकाट्याने झिजून जाते. माझ्या वर्गातली तरुण मंडळी आजोळी जात नाहीत, 'आजोळला' जातात. यात चूक काही नाही. पण 'ई'च्या यादीतून एक घर कमी झालं.

या पुस्तकाचा पल्ला आणि मर्यादा आता सांगते. हे इंग्रजी शिकवणारं मार्गदर्शक नाही आणि मराठीचं व्याकरणही नाही. 'ॲट' आणि 'इन' ही जोडी कण्यासारखी धरून, तिच्या आजूबाजूच्या 'ऑन', 'अबव्ह', 'ओव्हर', 'बिहाइंड', 'ऑपोझिट' अशा शब्दांकडे मी मराठीच्या दारातून पाहिलं आहे. दारातून म्हणजे खरोखर दारातून: दारात रांगोळी, दाराशी भांडण, दारावर फेरीवाला आणि दारापाशी चपला, हे चार शब्द नीट समजले तर इंग्रजीतले निम्मे पेच सुटतात, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक प्रकरणात आधी बोललेली वाक्यं येतील, मग व्याकरणकारांचं म्हणणं, मग जगभरच्या अभ्यासकांचं. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. सिद्धान्तापासून सुरुवात केली की उदाहरणं त्याच्या मापाची शोधली जातात, आणि मला ते टाळायचं होतं.

वाक्यं बहुतेक मुंबईच्या उपनगरांतली आहेत: लोकलमधली, जिन्यावरची, वर्गातली, भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकलेली. त्यामुळे हे पुस्तक सगळ्या मराठीचं चित्र असल्याचा दावा करत नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांची घरं आणि दारं वेगळी असणार, आणि तंजावरला पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्यांची तर आणखीनच वेगळी. काही ठिकाणी मी ठाम निर्णय दिलेला नाही. 'समोर' आणि 'पुढे' यांच्या प्रकरणात तर मी दोनदा मत बदललं, आणि दोन्ही मतं वाचकापुढे ठेवली आहेत.

शेवटी एक विनंती. हल्ली 'कुठे आहेस?' असं विचारलं की उत्तरादाखल लोकेशन येतं. नकाशावर एक लाल थेंब उमटतो. तो अचूक असतो, आणि तरीही त्याला फक्त 'ॲट' ठाऊक असतं. माणूस घरी आहे की घरात अडकला आहे, दाराशी आला आहे की दारावरून परत चालला आहे, हे त्या थेंबाला सांगता येत नाही. म्हणून पुस्तक वाचून झाल्यावर एक करा. आठवडाभर तुमच्या घरातल्या थोरांची, विशेषतः आजी-आजोबांची वाक्यं कान देऊन ऐका, आणि जागा दाखवणारा जो शब्द तुम्ही स्वतः वापरत नाही तो तारीख आणि गावाच्या नावासह वहीत उतरवून ठेवा. माझी वही विक्रोळीपुरती भरली आहे. तुमच्या गावची अजून कोरी आहे.